मूलद्रव्यांचे पत्रांक

(१)

बखरी, सनदा, महजर, ताम्रपट व नाणीं यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पानांत प्रोटॉन आणि अणुक्रमांक यांचें काय काम, असें कोणी वाचक विचारतील तर तें वावगें होणार नाहीं. रसायनशास्त्र हा आमचाहि विषय नव्हे. आमची सारी नोकरी संस्कृत शिकविण्यांत गेली. तथापि हस्तलिखितें जमविणारास जो प्रश्न नित्य पडतो, तोच एकोणिसाव्या शतकांत रसायनज्ञांपुढें उभा होता. त्याचा निकाल १९१३-१४ सालीं ज्या प्रमाणानें लागला, त्याच प्रमाणाच्या आधारें हल्लीं पोथ्यांवरील रंग व नाण्यांतील धातु ओळखले जातात. सबब हा इतिहास संशोधकांच्या ओळखीचा असावा, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

तो प्रश्न असा. एखादी सुटी पोथी हातीं येते. दोरा तुटलेला, पत्रें विसकटलेलीं. पत्राच्या पाठीवर समासांत ग्रंथनामाचीं आद्याक्षरें व पत्रांक शाबूत असल्यास पोथी लावण्यास अर्धी घटका पुरे होते, आणि कोणतें पत्र गहाळ आहे हेंहि बिनचूक सांगतां येतें. परंतु समास कसरीनें खाल्ला असेल, तर अनुसंधानावर जावें लागतें: या पत्राचें शेवटचें पद त्या पत्राच्या पहिल्या पदाशीं जुळतें काय, हा विषय त्याच्या आधीं येतो कीं मागून, असा विचार करीत क्रम लावावा लागतो. असा क्रम बहुधा बरोबर येतो. पण मध्यें खंड पडला असतां तेथें एक पत्र गेलें कीं तीन गेलीं, हें अनुसंधानानें ठरत नाहीं.

दुसरीहि एक गोष्ट संग्राहकांस ठाऊक आहे. पोथीवर दोन जातींचे आंकडे असतात. एक संग्रहांक, तो आपण दिलेला, आपल्या सोयीचा, आणि उद्यां बदलला तरी पोथीच्या अंगास कांहीं लागत नाहीं. दुसरा पत्रांक, तो पोथी लिहिणारानेंच घातलेला असून ग्रंथाच्या रचनेचा भाग असतो. मूलद्रव्यांस जे क्रमांक प्रथम मिळाले ते यादी करणाराचे संग्रहांक होत, असाच सर्वांचा समज होता. ते वस्तुतः पत्रांक आहेत हें कसें सिद्ध झालें, तें येथें सांगावयाचें आहे.

(२)

आरंभीं शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठी शास्त्रीय ग्रंथांत मूलद्रव्याच्या लहानांत लहान अंशास अणु व अणूंच्या संयोगास रेणु म्हणतात. हिंदींत पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु अशी योजना आहे. त्यामुळें एका भाषेंतील उतारा दुसरींत घेतांना पुष्कळदां गफलत होते. वैशेषिकांचा परमाणु या दोहोंहून निराळा आहे. तो पृथ्वी, आप, तेज व वायु अशा चार जातींचा. त्या जातींतील भेद गंध, रस, रूप, स्पर्श या गुणांवरून. आणि एकाच जातीच्या दोन परमाणूंतील भेद 'विशेष' या स्वतंत्र पदार्थावरून मानिला आहे. आधुनिक मत जवळजवळ याच्या उलट आहे. त्याप्रमाणें जातिभेदाचें मूळ संख्येंत आहे, आणि सर्वतोपरी सारख्या दोन अणूंत एकमेकांपासून वेगळें करणारें असें आंत कांहींच नाहीं.

संख्येचें महत्त्व वैशेषिकांस कळलें नव्हतें असें नाहीं. कणादानें गणिलेल्या सतरा गुणांत व प्रशस्तपादाच्या चोवीस गुणांत संख्या आहे. आणि द्व्यणुकाचें परिमाण हें परमाणूंच्या परिमाणापासून न येतां त्यांच्या द्वित्वसंख्येपासून उत्पन्न होतें, हा त्यांचा सिद्धांत बुद्धीस थक्क करणारा आहे. परंतु तेवढ्यावरून आजची मूलद्रव्यव्यवस्था कणादास अवगत होती असें म्हणणें, म्हणजे आडनांवाच्या सारखेपणावरून दोन घराण्यांच्या वंशावळी एकत्र शिवण्यासारखें होय. ज्या मंडळीचें आयुष्य वंशावळी तपासण्यांत जातें, तिनें तरी तसें करूं नये. एक प्रश्न तर्कानें सोडविलेला आहे, दुसरा तराजू व किरणयंत्र यांनीं. दोन्ही आपापल्या जागीं शोभतात.

(३)

इंग्लंडांतील जॉन डाल्टन यानें १८०३ ते १८०८ या काळांत असें मत मांडलें कीं, एका मूलद्रव्याचे सर्व अणु एकाच वजनाचे असून निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंचीं वजनें निरनिराळीं असतात. हायड्रोजनचा अणु सर्वांत हलका म्हणून त्याचें वजन १ धरावें, व इतरांचीं त्याच्या मानानें सांगावीं. येथून पुढें शंभर वर्षें अणुभार हीच मूलद्रव्याची ओळख होऊन बसली.

१८१५ सालीं विल्यम प्राउट नांवाच्या वैद्यानें आपलें नांव न घालतां एक निबंध छापिला. अणुभार हे बहुतेक पूर्णांक दिसतात. तेव्हां सर्व मूलद्रव्यें हायड्रोजनचींच घडलेलीं असावीं, असा त्याचा आशय होता. कल्पना मनोहर होती, पण क्लोरीनचा अणुभार ३५.५ च्या जवळ येई, व अर्धा हायड्रोजन कोठून आणावा हें कोणास सांगतां येईना. पुढें बेल्जममधील स्टास यानें अत्यंत सूक्ष्म वजनें करून हें मत निकालांत काढलें. प्राउटचा तर्क मुळांत खरा होता, हें कळण्यास एक शतक जावें लागलें.

१८६९ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील अध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह यानें तेव्हां माहीत असलेलीं ६३ मूलद्रव्यें अणुभारांच्या चढत्या क्रमानें मांडलीं, आणि ठराविक अंतरानें सारखे गुणधर्म पुनःपुनः येतात असें दाखविलें. पोथी लावणाराच्या दृष्टीनें त्याचें मोठें धैर्य असें कीं, जेथें अनुसंधान तुटलें तेथें त्यानें ओढाताण करून पत्रें जोडलीं नाहींत. रितीं जागा सोडली आणि गहाळ पत्रावर काय लिहिलेलें असावें हेंहि सांगितलें.

या रित्या जागांस त्यानें दिलेलीं नांवें आम्हां संस्कृतज्ञांस विशेष कौतुकाचीं वाटतात. ज्ञात मूलद्रव्याच्या खालीं त्याच उभ्या ओळींत पहिली जागा रिती असल्यास त्याच्या नांवामागें 'एक', दुसरी असल्यास 'द्वि', तिसरी असल्यास 'त्रि' हे संस्कृत शब्द त्यानें लाविले. एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम व एक-सिलिकॉन हीं त्यांतील प्रसिद्ध होत. पाणिनीची अष्टाध्यायी १८३९-४० सालीं यूरोपांत छापणारा व रोथ याच्या साहाय्यानें संस्कृताचा प्रचंड कोश करणारा ओटो बोथलिंक हा त्याच शहरांतील विद्यापरिषदेचा सभासद होता. यावरून, पाणिनीच्या वर्णसमाम्नायाच्या मांडणीचा संस्कार मेंडेलीव्हवर झाला असावा असें अलीकडे कांहीं भाषापंडितांनीं सुचविलें आहे. तर्क आकर्षक आहे. परंतु तो तर्क आहे, लेखी पुरावा नव्हे. संस्कृत संख्यावाचकांचा उपयोग झाला, एवढें मात्र निर्विवाद.

गहाळ पत्रें लवकरच मिळूं लागलीं. १८७५ सालीं लकोक द बॉइबोद्राँ यास फ्रान्समध्यें गॅलियम सांपडलें, तेंच एक-ॲल्युमिनियम. त्याची घनता त्यानें प्रथम ४.७ दिली. मेंडेलीव्हनें लिहून कळविलें कीं ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे. नमुना पुनः शुद्ध करून पाहतां ती ५.९ च भरली. ज्यानें पत्र पाहिलेंहि नव्हतें, त्यानें तें हातीं असणाराचा पाठ दुरुस्त करावा, असा हा प्रसंग आहे. १८७९ सालीं निल्सन यास स्कँडियम व १८८६ सालीं विंक्लर यास जर्मेनियम मिळालें. जर्मेनियमचा अणुभार मेंडेलीव्हनें ७२ वर्तविला होता. आज तो ७२.६३ आहे.

(४)

असें असतांहि अणुभाराचें प्रमाण तीन ठिकाणीं अडत होतें. टेल्युरियमचा भार १२७.६ व आयोडीनचा १२६.९, वजनाप्रमाणें आयोडीन आधीं यावें, पण गुणधर्मांवरून तें क्लोरीन व ब्रोमीन यांच्या खालींच बसतें. मेंडेलीव्हनें गुणधर्मांचें ऐकून टेल्युरियम आधीं घातलें, आणि त्याचा भार मोजण्यांत चूक झाली असावी असें म्हटलें. आपण ज्यास लेखकप्रमाद म्हणतों, तसा हा आरोप होता. पुढें कितीहि काळजीनें वजनें केलीं तरी आंकडा हलेना. क्रम बरोबर, पण त्याचें दिलेलें कारण चूक, असा हा विलक्षण प्रकार झाला. १८९४ सालीं आर्गॉन वायु मिळाला तेव्हां त्याचा भार ३९.९५, तर त्याच्या मागून येणाऱ्या पोटॅशियमचा ३९.१० निघाला. कोबाल्ट (५८.९३) व निकेल (५८.६९) यांचेंहि तसेंच. तीन ठिकाणीं एकाच जातीची चूक दिसूं लागली, म्हणजे दोष प्रतींत नसून आपल्या कसोटींत आहे, हें पाठचिकित्सेचें सूत्र येथेंहि लागू होतें.

वजनाखेरीज दुसरी कसोटी म्हणजे प्रकाश. तापविलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटांत त्याच्या स्वतःच्या रेषा दिसतात. यावरून एक मूलद्रव्य तर पृथ्वीवर सांपडण्यापूर्वीं सूर्यावर ओळखलें गेलें. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानांतून दिसलें. तें पाहण्यास फ्रेंच ज्योतिषी यान्सेन गुंटूरास होता, व लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस उतरला होता. त्याच वर्षीं नॉर्मन लॉकियर यानें सूर्याच्या कडेच्या प्रकाशांतील एका पिवळ्या रेषेकडे लक्ष वेधलें. ती कोणत्याहि ज्ञात द्रव्याची नव्हती. त्या द्रव्यास हेलियम हें नांव पडलें, व १८९५ सालीं रॅम्से यास तें खनिजांत मिळालें. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियमचा शोध तेथें लागला असें सांगण्याचा प्रघात आहे. तो तपासून घेतला पाहिजे. लॉकियरचें १८६८ चें निरीक्षण २० ऑक्टोबरचें असून तें इंग्लंडांत, ग्रहणावांचून, केलेलें आहे. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. किल्ल्याच्या थोरवीस या दुरुस्तीनें कांहीं उणेपणा येत नाहीं.

परंतु या रेषांतहि क्रमांक सांगण्याचें सामर्थ्य नव्हतें. एका लोखंडाच्या वर्णपटांत हजारों रेषा असतात. त्या हस्ताक्षरासारख्या आहेत: लेखक कोण हें सांगतील, पण हें कितवें पत्र तें सांगणार नाहींत.

(५)

१९११ सालीं मँचेस्टर येथें अर्नेस्ट रदरफर्ड यानें दाखविलें कीं, अणूचें जवळजवळ सर्व वजन व त्याचा सर्व धन विद्युत्भार मध्यभागीं एका अत्यंत लहान गाभ्यांत सांठलेला असतो; त्यास केंद्रक म्हणतात. सोन्याच्या पातळ वर्खावर किरणकण सोडले असतां कांहीं थोडे मागें उसळतात, यावरून हें अनुमान निघालें. केंद्रकावरील भार किती, याचा अंदाज तेव्हां ठोकळच होता; सोन्यास तो सुमारें १०० एकक धरला गेला.

त्याच वर्षीं व पुनः १९१३ सालीं आंतोनियस व्हान डेन ब्रूक या डच गृहस्थानें सुचविलें कीं, मूलद्रव्याचा यादींतील अनुक्रम हाच त्याच्या केंद्रकावरील भाराचा आंकडा असावा. हा गृहस्थ पेशानें कायदेपंडित होता. पदार्थविज्ञान हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग. ज्या क्षेत्रांत बहुतेक काम वकील, कारकून व पंतोजी यांनीं फावल्या वेळांत केलें आहे, त्या आपल्या क्षेत्रांतील मंडळीस हें वाचून संतोष वाटेल. संग्रहांक हाच पत्रांक आहे, असें म्हणणारा हा पहिला मनुष्य. पण त्याच्यापाशीं तें सिद्ध करण्याचें साधन नव्हतें.

तें साधन हेन्री मोझली यानें निर्माण केलें. त्याचा जन्म १८८७ चा. जोरानें आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें प्रत्येक मूलद्रव्य आपले विशिष्ट क्ष-किरण बाहेर टाकतें, हें पूर्वीं कळलें होतें. आणि स्फटिकाच्या साहाय्यानें त्या किरणांची मोजणी करण्याची रीति ब्रॅग पितापुत्रांनीं नुकतीच दाखविली होती. मोझलीनें निर्वात नळींत लहानशा गाड्यावर निरनिराळ्या धातूंचे तुकडे ठेवून एकामागून एक किरणांच्या माऱ्याखालीं आणले व त्यांच्या रेषांचीं छायाचित्रें घेतलीं. डिसेंबर १९१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लेखांत कॅल्शियमपासून जस्तापर्यंतचीं चित्रें एकाखालीं एक लावलेलीं आहेत. तीं जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें उतरत जातात, आणि स्कँडियमचा नमुना हातीं नसल्यानें तेथें बरोबर एका पायरीचा खंड दिसतो.

त्यांतील नियम सोपा आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या मुख्य रेषेची कंपनसंख्या घेऊन तिचें वर्गमूळ काढलें, तर एका मूलद्रव्यापासून पुढच्यापर्यंत तें सारख्याच प्रमाणानें वाढतें. वजनें कधीं एकानें, कधीं तिहींनीं वाढतात, तर कधीं उलटीं उतरतात. ही वाढ मात्र प्रत्येक वेळीं एकच. अणूंत कांहीं तरी असें आहे कीं जें एकेक करून वाढतें. आणि तें केंद्रकावरील भारावांचून दुसरें असूं शकत नाहीं, असा निष्कर्ष मोझलीनें काढला. दृश्य प्रकाशाच्या रेषा अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपासून निघतात म्हणून त्यांत गुंतागुंत. क्ष-किरणांच्या या रेषा अगदीं आंतल्या इलेक्ट्रॉनांपासून निघतात म्हणून त्यांत केंद्रकाचा आंकडा स्पष्ट उमटतो.

एप्रिल १९१४ च्या दुसऱ्या लेखांत त्यानें ॲल्युमिनियम (१३) पासून सोन्या (७९) पर्यंत हिशेब नेला. कोबाल्ट २७ व निकेल २८ हें पहिल्याच लेखानें ठरलें होतें. क्लोरीन १७ व पोटॅशियम १९, म्हणून आर्गॉनची जागा १८ हेंहि ठरलें. वजनाचा वाद येथें मिटला. विरल मृत्तिका म्हणून जो मूलद्रव्यांचा गट आहे, त्यांतील द्रव्यें एकमेकांसारखीं इतकीं कीं तीं किती आहेत हेंच रसायनज्ञांस कळत नसे. पॅरिसचे अध्यापक उर्बँ हे आपल्या आयुष्यभराच्या श्रमानें वेगळे केलेले नमुने घेऊन १९१४ च्या उन्हाळ्यांत ऑक्सफर्डास मोझलीकडे आले. थोड्याच दिवसांत त्यानें कोणत्या नमुन्यांत काय आहे तें सांगितलें, आणि उर्बँ ज्यास सेल्टियम म्हणून नवें मूलद्रव्य समजत होते तें त्यांत नाहीं, हेंहि सांगितलें. वीस वर्षांच्या अनुसंधानाचें काम पत्रांक दिसतांच कांहीं दिवसांत उरकलें.

पुढील वर्षीं, १० ऑगस्ट १९१५ रोजीं, गॅलिपोलीच्या रणांगणावर मोझली गोळी लागून पडला. वय सत्तावीस. इंजिनियर पलटणींत तो संदेशवहनाचें काम करीत होता. आपली मालमत्ता प्रयोगकार्यासाठीं रॉयल सोसायटीस द्यावी, असें मृत्युपत्र त्यानें करून ठेविलें होतें. त्याच्या संशोधनाचा काळ उणापुरा चार वर्षांचा. त्यांतील वरील दोन लेखांनीं मूलद्रव्यांची व्याख्या बदलली.

(६)

केंद्रकावरील भार एकेक करून वाढतो, तर तें एकक कोणतें? १९१९ सालीं रदरफर्डनें प्रसिद्ध केलें कीं, नायट्रोजनच्या अणूंवर आल्फा-कणांचा मारा केला असतां त्यांतून हायड्रोजनचीं केंद्रकें बाहेर पडतात. हायड्रोजनचें केंद्रक हा इतर केंद्रकांचा घटक आहे, असा याचा अर्थ. १९२० सालीं त्यानें या कणास प्रोटॉन हें नांव दिलें. शब्द ग्रीक असून अर्थ 'पहिला'. आपल्या 'प्रथम' शब्दाचा तो दूरचा नातलग होय. त्या नांवांत प्राउटचेंहि स्मरण आहे.

आतां व्याख्या एका ओळींत सांगतां येते. ज्याच्या केंद्रकांत एक प्रोटॉन तें हायड्रोजन, दोन तें हेलियम, सहा तें कार्बन, आठ तें ऑक्सिजन, सव्वीस तें लोखंड, एकोणऐंशी तें सोनें, ब्याऐंशी तें शिसें, ब्याण्णव तें यूरेनियम. भारहीन अवस्थेंत अणूंत प्रोटॉन जितके तितकेच इलेक्ट्रॉन बाहेर असतात. त्यांच्या मांडणीवरून रंग, कठिणपणा व इतरांशीं संयोग पावण्याचा स्वभाव ठरतो. म्हणजे गुणभेद हे कार्य व संख्याभेद हें कारण. मराठींत रूढ झालेला 'अणुक्रमांक' हा शब्द ही सारी कथा पोटांत घेऊन आहे: आधीं तो नुसता क्रमाचा अंक होता, मागून तो मोजणीचा ठरला.

मग वजन कां फसवीत होतें? केंद्रकांत प्रोटॉनांबरोबर भारहीन न्यूट्रॉनहि असतात. ते चॅडविक यानें १९३२ सालीं दाखविले. त्यांच्यानें वजन वाढतें, क्रमांक वाढत नाहीं. एकाच क्रमांकाच्या पण निरनिराळ्या वजनांच्या अणूंस समस्थानिक म्हणतात; ही कल्पना सॉडी यानें १९१३ सालीं मांडली. एकाच ग्रंथाच्या जाड व पातळ कागदावरील प्रतींसारखे ते होत: तराजूंत भिन्न, पाठांत एक. ॲस्टन यानें १९१९ पासून ते वेगळे करून मोजले, तेव्हां क्लोरीनचें कोडें सुटलें. त्यांत ३५ वजनाचे अणु सुमारें तीन चतुर्थांश व ३७ चे एक चतुर्थांश असतात, ३५.५ ही त्यांची सरासरी. अर्धा हायड्रोजन कोठेंच नव्हता. टेल्युरियममध्यें (५२) जड समस्थानिक अधिक, तर आयोडीन (५३) केवळ १२७ वजनाचें, म्हणून त्यांचीं वजनें उलटीं दिसत. शिशाचें उदाहरण तर डोळ्यांत भरणारें आहे. १९१४ सालीं रिचर्ड्स यानें यूरेनियमच्या खनिजांतील शिशाचें वजन केलें, तें साधारण शिशाच्या २०७.२ ऐवजीं २०६ च्या जवळ आलें. आणि तरीहि तें शिसेंच.

(७)

पत्रांक कळल्यावर गहाळ पत्रांची यादी करणें सोपें झालें. मोझलीच्या १९१४ च्या लेखांत ४३, ६१ व ७५ या तीन जागा रित्या होत्या. विरल मृत्तिकांच्या शेवटीं त्याची एक मोजणी चुकली होती; ती सुधारल्यावर ७२ हीहि रिती निघाली. यूरेनियमचा क्रमांक ९२ ठरला, त्यामुळें ८५, ८७ व ९१ यांची भर पडून एकंदर सात झाल्या. सातच, सहा नाहींत व आठ नाहींत. असें विधान मेंडेलीव्हलाहि करतां आलें नसतें.

त्यांचा शोध पोथ्यांच्या शोधाइतकाच चित्तवेधक आहे. ९१ चा अल्पजीवी समस्थानिक १९१३ सालींच दिसला होता. दीर्घजीवी १९१८ सालीं हान व माइट्नर यांनीं प्रसिद्ध केला. ७२ हें विरल मृत्तिकांत शोधूं नये, झिर्कोनियमच्या खनिजांत पाहावें, अशा विचारानें कोपनहेगन येथें कॉस्टर व हेव्हेशी यांनीं मोझलीची रीति लाविली व १९२३ सालीं हॅफ्नियम जाहीर केलें. ७५ हें ऱ्हेनियम १९२५ सालीं जर्मनींत मिळालें. उरलेलीं चार इतकीं अस्थिर, कीं पृथ्वीवर त्यांचा केवळ लेश असतो. ८७ हें मार्गरीट पेरे या विदुषीनें १९३९ सालीं पॅरिसास निसर्गांतूनच काढलें. ४३ हें १९३७ सालीं पालेर्मो येथें, ८५ हें १९४० सालीं बर्कली येथें व ६१ हें १९४५ सालीं ओक रिज येथें मनुष्यानें घडविलेल्या द्रव्यांतून मिळालें. मध्यंतरीं खोटे दावेहि बरेच झाले. ढाक्याचे राजेंद्रलाल दे यांनीं त्रावणकोरच्या मोनाझाइट वाळूंतून ८५ वें मूलद्रव्य मिळाल्याचें १९३७ सालीं जाहीर केलें होतें, तें टिकलें नाहीं.

सर्वांत हृदयस्पर्शी कथा जपानच्या मासाताका ओगावा यांची. सिंहलद्वीपांतील थोरियनाइट नांवाच्या खनिजांतून काढलेलें एक द्रव्य त्यांनीं १९०८ सालीं ४३ व्या जागेचें म्हणून 'निपोनियम' या नांवानें जाहीर केलें. इतरांस तें मिळेना, म्हणून नांव रद्द झालें. पुढें अनेक वर्षांनीं त्यांच्या मागें राहिलेली क्ष-किरणांची तबकडी तपासतां, तें द्रव्य ४३ नव्हे, त्याच उभ्या ओळींत खालीं असलेलें ७५ होतें असें दिसून आलें. पत्र अस्सल होतें. पत्रांक तेवढा चुकीचा वाचला गेला. २०१६ सालीं ११३ व्या मूलद्रव्यास निहोनियम हें नांव मिळून जपानचें नांव सारणींत आलें. आज १ पासून ११८ पर्यंतच्या जागा सलग भरल्या आहेत.

(८)

आतां आपल्या कामाकडे वळूं. संग्राहकांच्या दप्तरांत रसग्रंथांच्या व किमयेच्या पोथ्या पुष्कळ निघतात. पाऱ्याचें सोनें होतें ही त्यांतील प्रतिज्ञा. पारा ८० व सोनें ७९. अंतर अवघ्या एका प्रोटॉनचें. तें पाहून कोणास आशा वाटेल. परंतु मुशींतील अग्नि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपलीकडे पोंचत नाहीं. केंद्रक त्याच्या आटोक्याबाहेर आहे. १९२४ सालीं बर्लिनच्या मीथे यानें विजेच्या योगें पाऱ्यापासून सोनें काढल्याचें सांगितलें, तेंहि बाहेरून आलेल्या अंशाचें ठरलें. १९४१ सालीं हार्वर्ड येथें न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें पाऱ्याचें सोनें खरोखर झालें. पण तें किरणोत्सारी व क्षणभंगुर. तेव्हां या पोथ्या जपाव्या त्या धातुशोधनाच्या व औषधिक्रियेच्या इतिहासासाठीं. तें मोल लहान नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. मोझलीची रीति आज हातांत धरण्याजोग्या यंत्रांत आली आहे. यंत्र पत्रावर क्ष-किरण टाकतें, पत्रांतील अणु आपापले किरण परत देतात, आणि त्यांवरून क्रमांक वाचले जातात. पत्र खरवडावें लागत नाहीं. पोथींतील दंड व पुष्पिका यांचा तांबडा रंग हिंगुळाचा कीं शेंदराचा, हें जुन्या पत्रावर डोळ्यांनीं नेहमीं ओळखतां येत नाहीं. हिंगुळांत पारा (८०), शेंदरांत शिसें (८२). यंत्र एका क्षणांत सांगतें. ज्या हरताळानें लेखक चुकलेलीं अक्षरें झांकीत, आणि ज्यावरून हरताळ फासणें हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत आला, त्यांत आर्सेनिक (३३). लोहयुक्त शाई असल्यास २६ हा आंकडा उमटतो. काजळीची शाई मात्र कार्बनची (६). इतक्या हलक्या अणूचे किरण अशा यंत्रास दिसत नाहींत, व कांहीं न दिसणें म्हणजे कांहीं नसणें असा अर्थ करूं नये.

येथेंच सावधगिरीची जरूरी आहे. क्रमांक द्रव्य सांगतो, काल सांगत नाहीं. हिंगूळ तीनशें वर्षांपूर्वींचा व कालचा, दोन्हींत पारा एकच. पारा आढळला म्हणून पोथी जुनी, असें अनुमान करणारास हें यंत्र साह्य करणार नाहीं. नाण्यांविषयीं बोलावयाचें तर यंत्र वरचा पातळ थरच वाचतें. मातींत पुरलेल्या हलक्या रुप्याच्या नाण्याचा वरचा थर आंतल्यापेक्षां शुद्ध असूं शकतो. उलट बाजूनें मात्र प्रमाण बळकट होतें. जुनी म्हणून पुढें केलेल्या पोथीच्या मूळ चित्रांतील पांढऱ्या रंगांत टायटॅनियम (२२) भरपूर निघालें, तर तो रंग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापूर्वीं बाजारांत नव्हता, एवढ्यावरून तें चित्र नवें ठरतें. साधक पुराव्यापेक्षां बाधक पुरावा येथें श्रेष्ठ.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, फिकट झालेला रंग उजळण्यासाठीं त्यावर नवा रंग देऊं नये, किडीसाठीं औषध लाविलें असल्यास त्याची टीप पोथीबरोबर ठेवावी, आणि अशी परीक्षा कोणी केल्यास पत्र कितवें, बाजू कोणती, जागा कोणती हें लिहून ठेवावें. नाहीं तर पुढील अभ्यासक लेखकाचे अणु न वाचतां आपले वाचील. मूलद्रव्यांच्या पत्रांकांस कसर लागत नाहीं. आपल्या पत्रांस लागते. ते पत्रांक वाचण्याची विद्या हातीं आली आहे, तोंवर पत्रें जागेवर राहिलीं म्हणजे झालें.